साध्या पाण्यातल्या पिसवा

३ जून २००१, रविवार

पुन्हा रोजनिशी. मागची मार्चमध्ये बंद पडली. दोष माझा नव्हता, वही निकृष्ट होती.

घडलं ते असं. गेल्या बुधवारी संजनाचा बारावीचा निकाल लागला. मार्क उत्तम. घरात बिल्डिंगमधली माणसं, पेढे, कौतुक. कोणीतरी विचारलं, मग आता इंजिनिअरिंग ना? संजना म्हणाली, नाही, पुण्याला जाऊन जर्मन शिकणार, कॉलेज बघून ठेवलंय, हॉस्टेलही बघून ठेवलंय. तिच्या आईला, ज्योत्स्नाला, माहीत होतं. शेजारच्या यशोदाबाईंना माहीत होतं. बापाला पेढ्याबरोबर कळलं.

त्यावर मी थोडं बोललो. पेढ्यांचा बॉक्स गॅलरीतून खाली गेला. खाली नेमकी सोसायटीचे चेअरमन भिमाजीअण्णा यांची स्कूटर उभी होती, याला मी काय करणार. मी बोललो ते वाक्य मुद्दाम जसंच्या तसं नोंदवतो, कारण घरात त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या फिरतायत: "अठरा वर्षं तुझ्यावर घातली, सगळी पाण्यात गेली."

त्या दिवसापासून संजना माझ्याशी बोलत नाही. एक जुलैला ती पुण्याला जाणार.

ज्योत्स्ना म्हणते, पोरीची माफी मागा आणि विषय संपवा, नाहीतर ती अशीच जाईल आणि मग सुट्टीतही मामाकडेच उतरेल. मला माफी मागायला काहीच अडचण नाही. फक्त चूक माझी असली पाहिजे. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात मी वीस वर्षं क्वालिटी बघतो. पार्ट रिजेक्ट झाला की आधी कारण शोधायचं असतं. मटेरियल, मशिन की माणूस. कारण न शोधता सॉरी म्हणत सुटलो तर उद्या परत तोच पार्ट वाकडा येईल.

स्वतःला विचारलं: धनराज, तू मुळात रागीट आहेस का? घाईने उत्तर दिलं नाही. आंघोळ होईपर्यंत विचार केला. नाही.

संध्याकाळी

कारण सापडलं. त्या दिवशी माणसं येत गेली, चहा होत गेला, आणि प्रत्येकाबरोबर मला घ्यावा लागला. निदान सहा कप. सहाव्या कपानंतर मी ते वाक्य बोललो. पाचव्यानंतर बोललो नव्हतो.

ज्योत्स्नाला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आता पातेल्याने माफी मागायची का.

४ जून, सोमवार

मी बी.एस्सी. झूलॉजी आहे, हे या घरात सगळे विसरलेत. कारखान्यात कोणाला माहीतच नाही. आयुष्य शाफ्टचा व्यास मोजण्यात गेलं.

कॉलेजात आम्ही डॅफ्निया बघितला होता. पाणपिसू. डबक्यात असते, मोहरीपेक्षा बारीक, अंग काचेसारखं. मायक्रोस्कोपखाली तिचं हृदय उडताना सरळ दिसतं, पाठीच्या बाजूला. पाण्यात कोऱ्या चहाचा थेंब टाकायचा आणि ठोके मोजायचे. ठोके वाढले की सिद्ध. जिला मन नाही, मुलगी नाही, चेअरमन नाही, तिचंही हृदय चहाने भडकत असेल तर माणसाची काय कथा.

योजना: महिनाभरात प्रयोग, त्याचा स्वच्छ ग्राफ, आणि तिच्या निघण्याआधी तो तिच्या हातात. संजना सायन्सची मुलगी आहे. बापाचं ऐकत नसेल, पण ग्राफचं ऐकेल.

५ जून, मंगळवार

प्रफुल्लकडे गेलो. कॉलेजपासूनचा मित्र, आता ज्युनिअर कॉलेजात झूलॉजी शिकवतो. जुना मायक्रोस्कोप द्यायला लगेच तयार झाला. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, धन्या, "चुकलं बेटा" म्हणायला पाच सेकंद लागतात, त्यात पिसवा कशाला घालतोस मध्ये?

मी त्याला शास्त्रीय दृष्टी म्हणजे काय ते सांगितलं. त्याची बायको आतून बघायला आली. मी तडक निघालो.

अर्ध्या तासाने परत जावं लागलं. मायक्रोस्कोप तिथेच राहिला होता.

६ जून, बुधवार

आजपासून चहा बंद. प्रयोग करणारा तटस्थ पाहिजे. ज्योत्स्नाला वाटलं मी रुसलोय. समजावून सांगितलं. पुन्हा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा समजावताना यशोदाबाईंनी भिंतीवर ठोकलं.

१० जून, रविवार

पाथर्डी फाट्याच्या पुढे जुनी खाण आहे, तिच्यात हिरवं पाणी साठलंय. प्रफुल्लने सांगितलेली जागा. घरातली चहाची गाळणी नेली, तिच्यावर फडकं बांधलं. गाळणीला सध्या नाहीतरी काम नाही.

शेळ्या चारणारी एक म्हातारी कडेला बसली होती. शकुबाई नाव. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, भाऊ, मासे नाय तिथं. मी म्हणालो, मासे नकोत, पिसवा धरतोय. तिने विचार केला आणि म्हणाली, तुमच्या घरी नायेत का? मी म्हणालो, या पाण्यातल्या असतात, वेगळ्या. ती म्हणाली, त्या शेळीच्या अंगावर लय हायेत, कशाला पाण्यात उतरता, या इकडं, पाहिजे तेवढ्या घ्या.

मी तिच्यावर ओरडलो नाही. आवाज खाणीत घुमतो, त्यामुळे तसं वाटलं असेल. शेळ्या पांगल्या.

दोन बरण्या भरून आणल्या. डोळ्यासमोर धरल्या की पाण्यात ठिपके उड्या मारताना दिसतात. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

ज्योत्स्नाला गाळणी सापडली. बाकीचं लिहीत नाही.

११ जून, सोमवार

सगळ्या मेल्या.

काल खाणीचं पाणी घाण वाटलं म्हणून स्वच्छतेसाठी त्यांना नळाच्या पाण्यात सोडलं होतं. सकाळी तळाशी पांढरी भुकटी. प्रफुल्लला कारखान्यातून फोन केला. म्हणाला, नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, एक दिवस उघडं ठेवल्याशिवाय वापरायचं नाही, हे आपल्याला फर्स्ट इयरला होतं. मी म्हणालो, मग घरी आलो होतो तेव्हा का नाही बोललास? तो म्हणाला, तेव्हा तू बोलत होतास.

असे मित्र.

स्वतःला विचारलं: यात माझी चूक किती? अगदी तटस्थपणे, थोडी. बाकी पाण्याची.

१४ जून, गुरुवार

आठ दिवस चहा नाही. डोकं ठणकतंय. चांगलं लक्षण आहे, विष बाहेर पडतंय. पण वीस वर्षांचा चहा आठवड्यात उतरत नाही. शरीरात साठा असणार. आज जे झालं ते त्या साठ्याने झालं.

झालं असं की मी एक अख्खा लॉट रिजेक्ट केला. बरोबर होतं की नाही हा प्रश्न नाही. मेन्टेनन्सवाल्याचा पाना मशिनवर पडलेला होता, तो मी उचलून त्याला परत दिला, जरा लांबून.

दुपारी लेथवरचा पुंजाराम माझ्या टेबलाशी आला. सिन्नरहून रोज एसटीने येतो, सरळ माणूस. मागे चारपाच जण दारात उभे. हातात कँटीनचा चहा. म्हणाला, साहेब, घ्या ना एक कप. मी म्हणालो, सोडलाय. तो म्हणाला, ते समद्यांना कळलंय साहेब, म्हणून तर आलो. मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, रागावू नका, पण चहा घ्यायचे तवा वरडता वरडता मधी घोट तरी घ्यायचे. आम्हाला तेवढाच दम खायला मिळायचा.

दारातले हसले. मी पुंजारामला नियमांची प्रत दिली आणि सही घेतली. कशाबद्दल, ते त्याने विचारलं. मलाही नंतर आठवेना.

१७ जून, रविवार

पुन्हा खाण. शकुबाईने मला बघून शेळ्या आधीच पलीकडे नेल्या.

या वेळी पाणी खाणीचंच ठेवलं. तीन बरण्या. दोन गॅलरीत, एक खिडकीत. घरी आल्या आल्या एक पिसू काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितली. हृदय दिसलं. दोन बारीक ओठ भराभर उघडतात-मिटतात तसं. बघतच राहिलो. एवढ्याशा जिवात एवढी घाई. संजनाला हाक मारायला तोंड उघडलं, मग आठवलं.

ती दहा वर्षांची असताना तिला जास्वंदीचा परागकण दाखवला होता. तेव्हा बोलत होती. थांबतच नव्हती.

जेवताना ज्योत्स्ना म्हणाली, इगतपुरीला विपश्यनेला जाऊन या, आपल्या बुद्धविहारातली निम्मी माणसं जाऊन आली, दहा दिवस कोणाशी काही बोलायचं नसतं. मी म्हणालो, त्यासाठी इगतपुरीला कशाला जाऊ, घरीच सोय आहे. संजना ताट घेऊन आत गेली. हसू आलं म्हणून गेली की राग आला म्हणून, पाठीवरून कळलं नाही.

१९ जून, मंगळवार

आज अक्षर वाईट आलं तर ते खाली लिहिलंय त्यामुळे.

फर्स्ट शिफ्ट करून आलो. गॅलरीतल्या दोन्ही बरण्यांत पाणी नितळ. एकही ठिपका नाही. प्रत्येकीत एक मासा. शेपूट हलवतोय, पोट फुगलेलं.

भिमाजीअण्णांनी सोसायटीत डासांविरुद्ध मोहीम काढली आहे. उघडं पाणी दिसेल तिथे गप्पी मासे सोडत फिरतायत. आमच्या घरी ज्योत्स्नाने चहा दिला, अण्णांचं गॅलरीत लक्ष गेलं, आणि ते म्हणाले, वहिनी, तुमच्याकडे तर अळ्याच अळ्या. पिशवीतून दोन मासे काढून टाकले. वर म्हणाले, धनराजला सांगू नका, उगाच उपकार वाटतील.

खाली जाऊन मी अण्णांना परिस्थिती समजावून सांगितली. शांतपणे. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी खिडक्या उघडल्या हा त्यांचा प्रश्न. अण्णा म्हणाले, मागच्या वेळी पेढे टाकलेस, स्कूटर धुतली, एक शब्द बोललो नाही. आता माशांवरून भांडतोस? मी म्हणालो, मासे नाहीत, पिसवा. अण्णा म्हणाले, अरे पण पिसवा गेल्याबद्दल तर लोक पैसे देतात.

गच्चीवरून कोणीतरी टाळी वाजवली.

चौदावा दिवस. चहाचा एक थेंब नाही. साठा माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा आहे.

२० जून, बुधवार

तिसरी बरणी वाचली आहे. खिडकीतून हलवून ज्योत्स्नाने ओट्याखाली ढकलली होती, भाकरी करताना डोळ्यासमोर नको म्हणून. मी आभार मानले नाहीत. हेतू चांगला नव्हता.

अडचण: डोळा भिंगाला लावला की घड्याळ दिसत नाही. घड्याळ बघितलं की पिसू दिसत नाही. दुसरं माणूस पाहिजे. ज्योत्स्नाला विचारलं. म्हणाली, मला ते बघूनच अंग खाजवतं.

२१ जून, गुरुवार

संध्याकाळी टेबलाशी एकटाच झगडत होतो. संजना आली. काही न बोलता माझ्या समोरची खुर्ची ओढली, माझ्या हाताखालचा मायक्रोस्कोप स्वतःकडे फिरवला, एक कोरा कागद आणि पेन्सिल घेतली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, आई, त्यांना सांग, घड्याळ त्यांनी बघायचं.

ज्योत्स्ना आतून म्हणाली, अहो, घड्याळ तुम्ही बघायचं.

तिची पद्धत चांगली आहे. तोंडाने मोजत नाही, एवढे ठोके तोंडाने मोजता येतच नाहीत. डोळा भिंगाला, आणि प्रत्येक ठोक्याला पेन्सिलीचा एक ठिपका. कागदावर ठिपक्यांची नागमोडी ओळ. मी "बस" म्हणालो की हात थांबतो. मग ठिपके मोजायचे. मी शिकवलेलं नाही. कोणी शिकवलं, विचारायची सोय नाही.

उजेड पुरत नव्हता, पावसाळी हवा. मी टेबललॅम्प अगदी काचेपाशी आणून ठेवला.

थोड्या वेळाने: आई, त्यांना सांग, टेबल हलतंय, पाय हलवू नका म्हणावं. ज्योत्स्नाने सांगितलं. मी पाय हलवत नव्हतो. तरी थांबवला.

२२ जून, शुक्रवार

आज चहातल्या पिसवा. ठोके चढले. सुरुवातीला शांत, थेंब टाकल्यावर वाढतच गेले. प्रत्येकीचं तेच. ठिपके इतके दाट की संजनाच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. मी माझी पुढे केली. तिने घेतली. मधे आई नव्हती.

सिद्ध झालं. ग्राफ काढायला बसणार होतो.

पण माझा स्वभाव आड येतो. कारखान्यात एक मास्टर पीस असतो, त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय मी कुठलाच पार्ट पास करत नाही. इथेही साध्या पाण्यातल्या पिसवा घेऊन सगळं तसंच्या तसं करायला हवं. त्या शांत राहतील, हे उघड आहे. तरीपण. उद्या कोणी बोट दाखवायला नको. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा करू.

२४ जून, रविवार

साध्या पाण्यातल्या पिसवा शांत राहिल्या नाहीत.

तसेच चढत गेले ठोके. चहातल्यांइतकेच, एकीचे तर जास्त. मी पुन्हा मोजायला सांगितलं. तेच. दुसरी पिसू. तेच. मी म्हणालो, ज्योत्स्ना, तिला सांग, ठिपके जास्त पडतायत, हात पुढे पळतोय. संजनाने पेन्सिल खाली ठेवली. मी म्हणालो, तिला सांग, लक्ष नसेल तर बसू नये, इथे काही जर्मनचा तास चाललेला नाही. मग मी आणखी काही म्हणालो. टेबलावर हात मारला, काच उडाली, पिसू कुठे गेली कळलं नाही.

संजना उठली. जवळपास महिन्याने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलली. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, पप्पा, चहा न घालताही त्यांचं तेवढंच धडधडतंय. आणि तुमचं पण. तुम्ही किती दिवस झाले, साध्याच पाण्यात आहात.

आणि आत गेली.

गॅलरीत उभा राहिलो. बरण्यांतले दोन गप्पी एकमेकांकडे तोंड करून उभे होते.

स्वतःला विचारलं: ती म्हणते ते

रात्री पुन्हा वही उघडली. वरचं वाक्य पूर्ण करायचं होतं. उद्या करतो.

२५ जून, सोमवार

प्रफुल्लला फोन. त्याला फक्त आकडे सांगितले, बाकी काही नाही. त्याने विचारलं, उजेड कुठून घेतलास? मी म्हणालो, टेबललॅम्प. किती वॅटचा? साठ. किती लांब? लांब कशाला, चिकटून. तो इतका हसला की मला रिसीव्हर बाजूला धरावा लागला. म्हणाला, अरे पाणी तापलं की त्यांचं हृदय पळणारच. तू त्यांना चहा पाजला नाहीस धन्या, तू त्यांचा चहा केलास.

मी फोन ठेवला. अर्धा तास त्याच्यावर चिडलो होतो.

मग एकदम लख्ख दिसलं.

उष्णता.

निकालाच्या दिवशी मेअखेर होती. नाशिक भाजत होतं. घरात एवढी माणसं, एकच पंखा, तोही आमच्याकडे पाठ करून. चहा निर्दोष आहे. मी तर त्याहून निर्दोष आहे. खोली तापली होती.

म्हणजे कालचं वाक्य पूर्ण करायची गरज उरली नाही.

२७ जून, बुधवार

नवीन योजना. बरणी बर्फात ठेवायची, थंड पाण्यातल्या पिसवांचे ठोके उतरतात हे दाखवायचं. ग्राफ खाली जाईल. माझ्या मते खाली जाणारा ग्राफ जास्त पटतो.

मोजायला संजना बसणार नाही. ज्योत्स्ना म्हणाली, तिला विचारूसुद्धा नका. मी विचारणार नव्हतोच. फक्त खुर्ची टेबलासमोर ओढून ठेवली होती.

आज कारखान्यात पुंजारामने विचारलं, साहेब, तब्येत बरी आहे का, आज सकाळपासून कोणाला काही बोलला नाही.

३० जून, शनिवार

उद्या सकाळच्या गाडीने ती निघणार. घरभर ट्रंक, पिशव्या, लोणच्याची बरणी. ज्योत्स्नाने मला ट्रंकेला कुलूप आणायला सांगितलं. मी यशोदाबाईंच्या फ्रिजमधून बर्फ आणायला गेलो. बर्फ आणला, कुलूप राहिलं.

यशोदाबाई म्हणाल्या, पोरगी जातेय म्हणून आइस्क्रीम करताय का? मी म्हणालो, पिसवांसाठी पाहिजे. त्यांनी बर्फ दिला आणि दार लावून घेतलं.

एकट्याने मोजता येईना. एक डोळा भिंगाला, एक घड्याळाला. डोकं गरगरलं. बर्फ वितळून पाणी संजनाच्या पिशवीखाली गेलं, आत डिक्शनरी होती. ज्योत्स्नाने माझ्याकडे न बघता डिक्शनरी उचलून पंख्याखाली ठेवली. याची भीती जास्त वाटते.

ग्राफ नाही. तरी मुद्दे कागदावर लिहून खिशात ठेवलेत. स्टँडवर शांतपणे सांगेन. एक, त्या दिवशी उष्णता होती. दोन, पंखा. तीन, जे वाक्य बोललो त्यातला "पाण्यात गेली" हा भाग

तीन उद्या तिथे सुचेल.

१ जुलै, रविवार. दुपार

तिघे रिक्षाने स्टँडवर. ट्रंकेला सुतळी बांधलेली, कुलूप नसल्यामुळे. गाडी लागलेलीच होती. संजनाला खिडकी मिळाली. बसल्यावर तिने खिडकीतून माझ्याकडे बघितलं. बघत राहिली. बोलण्यासारखी वेळ होती ती. माझा हात खिशात गेला होता.

तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, ही ट्रंक आत नाही चालणार, टपावर टाका.

मी त्याला सांगितलं की सुतळीची ट्रंक टपावर टिकणार नाही, आत पुस्तकं आहेत, पाऊस आहे. तो म्हणाला, मग कुलूप लावायचं होतं. हे त्याने बोलायला नको होतं. मी आत चढलो. नियम कुठे लिहिलाय ते दाखव म्हणालो. मागचे प्रवासी म्हणाले, काका, गाडी सोडू द्या. मी त्यांनाही समजावलं. कंडक्टर शेवटी म्हणाला, साहेब, तुम्ही येताय का पुण्याला? मी म्हणालो, नाही. मग उतरा ना खाली, ट्रंक राहू द्या आत, माझ्या सीटखाली ठेवतो, पण तुम्ही उतरा.

म्हणजे मुद्दा मी जिंकला.

उतरलो ती बाजू तिच्या खिडकीची नव्हती. वळसा घालून जाईपर्यंत घंटी झाली होती. गाडीचा मागचा भाग दिसला. ज्योत्स्ना हात हलवत उभी होती, एकटीच.

कागद खिशातच राहिला. परतताना रिक्षात ज्योत्स्ना एवढंच म्हणाली, मघाशी तुम्हाला बोलवत होती पोरगी. दोनदा हाक मारली.

मला ऐकू आली नाही. मी बोलत होतो.

संध्याकाळी

ओट्याखालची बरणी घेऊन खाणीवर गेलो. उरल्या होत्या तेवढ्या सोडून दिल्या. शकुबाई होती. विचारलं, काय भाऊ, नाय कामाच्या निघाल्या? मी म्हणालो, त्या चांगल्या होत्या. ती म्हणाली, मग?

मग काय. रिकामी बरणी खाणीच्या पाण्यात विसळून घेतली. तिच्या शेळ्या या वेळी पांगल्या नाहीत.

२ जुलै, सोमवार. रात्री आठ

संजनाचा बूथवरून फोन आला. ज्योत्स्ना आधी बोलली: खोली, मेस, डिक्शनरी वाळली का. मग माझ्याकडे बघून न विचारता रिसीव्हर हातात दिला.

संजना म्हणाली, पप्पा, पिसवा आहेत का अजून?

मी म्हणालो, सोडल्या. मग म्हणालो, संजना, माझं चुकलं.

पलीकडे बूथवाल्याचं मशिन टिकटिकत होतं. तिने विचारलं, काय चुकलं, मोजताना?

सगळं सरळ समोर होतं. लॅम्प नाही, पंखा नाही, उष्णता नाही, पाच सेकंदाचं काम. बोलायला श्वास घेतला.

म्हणालो, हो. मोजताना.

ती म्हणाली, बरं पप्पा. मग म्हणाली, लॅम्प लांब ठेवायचा पुढच्या वेळी. आणि चहा घ्या आता.

फोन ठेवला. ज्योत्स्नाने विचारलं, मागितली का? मी म्हणालो, जवळजवळ.

तिने चहा करून आणला. जवळपास महिन्याने पहिला घोट. साखर घालायची विसरली होती. मी काही बोललो नाही, पूर्ण कप प्यालो. कोणी बघत नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.